आठ मीटरची जळकी फळी : नागानोतल्या एका घराचं प्रकरण

नागानो हे जपानच्या मध्यभागातलं, डोंगरांनी वेढलेलं शहर. 1998 च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे आपल्यापैकी अनेकांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं. 2007 साली तिथं एक राहतं घर बांधून झालं आणि त्याचं नाव त्याच्या भिंतींवरूनच पडलं : याकीसुगी हाउस. याकी म्हणजे भाजलेलं. सुगी म्हणजे तिकडचा उंच, सरळसोट सूचिपर्णी वृक्ष. घराला बाहेरून काळ्याभोर, लांबच लांब उभ्या फळ्या आहेत आणि दोन फळ्यांच्या मधे पांढऱ्या गिलाव्याची रेघ आहे.

ती पांढरी रेघ कुठून आली, एवढाच या प्रकरणाचा विषय. फोटो पाहून मी ती बरीच वर्षं नक्षी समजत होतो. काळ्यावर पांढरं खुलून दिसतं म्हणून आर्किटेक्टने ओढली असेल, असं वाटायचं. खरं कारण कळलं, तेव्हा सगळं घरच नव्याने वाचावं लागलं.

माणूस आणि त्याची पद्धत

घराचे आर्किटेक्ट तेरुनोबू फुजीमोरी. जन्म 1946, नागानो प्रांतातल्याच चिनो गावचा. आधी हा माणूस इतिहासकार. टोकियो विद्यापीठात वास्तुकलेचा इतिहास शिकवणारा, जुन्या इमारतींच्या मागे गल्लीबोळ हिंडणारा. पहिली स्वतःची इमारत त्यांनी चाळिशी उलटल्यावर बांधली : चिनोतलं जिनचोकान मोरिया संग्रहालय, 1991 सालचं. त्यानंतर छपरावर रानफुलं उगवणारं घर, झाडाच्या खोडांवर उंच टांगलेली चहाची खोली, अशी एकेक कामं होत गेली.

त्यांच्या कामाची एक रीत या प्रकरणात महत्त्वाची आहे. कारखान्यातून गुळगुळीत होऊन आलेला माल त्यांना नको असतो, आणि बांधकामातली काही कामं ते मित्रमंडळी व घरमालक यांना बरोबर घेऊन हाताने करतात. या हौशी मंडळींच्या चमूला त्यांनी नावही दिलंय : जोमोन बांधकाम पथक. जोमोन म्हणजे जपानचा प्रागैतिहासिक काळ. कुशल कारागिराच्या हातून जे सफाईदार होईल, ते नवशिक्याच्या हातून थोडं वेडंवाकडं होतं. फुजीमोरींना ते वेडंवाकडंच हवं असतं.

मूळ कारागिरी

फळ्या जाळून घराला लावण्याची चाल मुख्यतः पश्चिम जपानची. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांच्या मधे सेतोचा अंतर्गत समुद्र आहे. त्याच्या काठच्या ओकायामा, कागावा या भागांत जुन्या वस्त्यांतून फिरलं की काळ्या फळ्यांच्या भिंती दिसतात. कागावातल्या नाओशिमा बेटावरच्या होनमुरा वस्तीत तर गल्लीच्या गल्ली अशी आहे. तादाओ आंदो हे आर्किटेक्ट एरवी काँक्रीटसाठी ओळखले जातात. पण याच वस्तीत 1999 साली त्यांनी मिनामीदेरा ही इमारत बांधली, तेव्हा शेजारच्या घरांचा मान राखून तिला बाहेरून जळक्या फळ्याच लावल्या. खारा वारा, दमट हवा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

फळी जाळायची पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचताना काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. तीन फळ्या घ्यायच्या. लांब कडा एकमेकींना भिडवून त्रिकोणी नळी करायची आणि ती दोन-तीन ठिकाणी बांधायची. नळी उभी करायची, खाली हवा जायला विटांचा किंवा दगडाचा आधार द्यायचा. तळाशी कागद किंवा रंध्याची ढलपी पेटवायची. नळीचं धुराडं होतं. गरम हवा वर धावते, खालून गार हवा ओढली जाते आणि जाळ आतल्या आत सरसर वर चढतो. सुरुवातीला वरच्या तोंडातून दाट धूर येतो, मग एकदम ज्वाळा बाहेर पडते. तळाकडचा भाग जास्त भाजला जातो म्हणून मधेच नळी उलटी करतात. काही मिनिटांत आतली बाजू पुरती लाल होते. मग दोर सोडायचे, तिन्ही फळ्या उघड्या पाडायच्या आणि लगेच पाणी मारायचं.

पेट्रोल नाही, गॅस नाही, भट्टी नाही. फळीच स्वतःचं इंधन आणि फळीच स्वतःची चूल. नीट भाजलेल्या फळीवर 3-4 मिलिमीटर जाडीचा कोळसा तयार होतो. मागची बाजू कोरी राहते. कोळशाचा पृष्ठभाग बारीक चौकटींत तडकतो, मगरीच्या पाठीसारखा.

जाता जाता नावाबद्दल. इंटरनेटवर ही फळी 'शोउ सुगी बान' म्हणून विकली जाते. जपानी चित्राक्षरांचे एकाहून जास्त उच्चार असतात. 'याकी सुगी इता', म्हणजे भाजलेल्या सुगीची फळी, ही तीन अक्षरं कुणीतरी परदेशात चुकीच्या उच्चारांनी वाचली आणि तेच नाव जगभर झालं. जपानी सुताराला ते शब्द ओळखीचे वाटत नाहीत. त्याच्यासाठी ती याकीसुगी.

अडचण : दोन मीटरच्या पुढे काय होतं

पारंपरिक फळ्या लांब नसतात. साधारण दोन मीटरपर्यंतच. कारण झाडाच्या उंचीत नाही. सुगी तीस-चाळीस मीटर सहज वाढतो. कारण आगीत आहे.

हे मला कागदावर कळत होतं, हाताला कळत नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी मार्चमध्ये गावच्या घरामागे मी तीन फळ्या जाळून पाहिल्या. पॅकिंगच्या खोक्यांतलं पाइन, चार फूट लांब, म्हणजे जवळजवळ 1.2 मीटर. तारेने बांधल्या, दोन विटांवर उभ्या केल्या, शेजारी पाण्याच्या चार बादल्या. खालून वर्तमानपत्राचा बोळा पेटवला. पहिलं मिनिटभर नुसता धूर. आई ओट्यावरून म्हणाली, ''अरे, ओलं आहे ते, नाही पेटायचं.'' आणि तेवढ्यात नळी घुमायला लागली. चुलीत फुंकर घातल्यावर येतो तसा, पण सलग आवाज. वरून हातभर ज्वाळा आली. तार कापून फळ्या पाडल्या, पाणी ओतलं, वाफेचा लोट उठला.

फळ्या गार झाल्यावर ओट्यावर पालथ्या टाकल्या तर एकही सपाट बसेना. रुंदीत प्रत्येकीला पन्हळीसारखा खोलगटपणा आला होता, जळकी बाजू आत. लांबीतही बाक आला होता. दोन टोकांना दोरी ताणून मधे मोजलं तर एका फळीत 3 मिलिमीटर.

कारण सरळ आहे. एका बाजूचं पाणी उडून गेलं, ती बाजू आक्रसली. मागची बाजू होती तशीच राहिली. लाकूड रुंदीत जास्त आक्रसतं, लांबीत फारच कमी. पण लांबीतलं ते थोडंसं आक्रसणंही लांब फळीला पुरतं, कारण बाक लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट, तर बाक चौपट. माझ्या 1.2 मीटरच्या फळीतला 3 मिलिमीटर बाक त्याच वळणाने 8 मीटरवर नेला, तर तो सुमारे 13 सेंटिमीटर होतो. अर्ध्या वितीहून थोडा जास्त.

फळीच्या जाडीच्या दिशेने आलेला हा बाक खिळे ठोकून दाबता येतो. पण फळी कडेच्या बाजूला वळली, म्हणजे तलवारीसारखी झाली, की खिळ्याचं काही चालत नाही. अशी फळी दुसरीशेजारी लावली तर टोकं भिडतात आणि मधे फट पडते, किंवा मधे भिडते आणि टोकं उघडी राहतात. दोन मीटरच्या आत ही फट सुतार सांभाळून घेतो. शिवणीवर उभी पट्टी मारतो, नाहीतर फळीवर फळी थोडी चढवतो. पश्चिम जपानच्या कारागिरांनी दोन मीटरची मर्यादा पाळली ती अनुभवाने. आग फळीला कुठवर ऐकते, हे त्यांना माहीत होतं.

फुजीमोरींना मात्र जमिनीपासून थेट वर जाणारी, मधे सांधा नसलेली फळी हवी होती. आठ मीटर. म्हणजे सव्वीस फूट, अडीच मजल्यांएवढी.

निर्णय

आठ मीटरची फळी जाळणं हे नुसतं लहान कामाचं मोठं रूप नव्हे. सुगी हलकं लाकूड, घनमीटरला 380 किलोच्या आसपास. सागवानाच्या निम्म्याहून थोडं जास्त. तरी 20 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर जाड फळी धरली तर आठ मीटरची एक फळी 12 किलोची होते आणि नळी 36 किलोची. ती उभी करून जळत ठेवायची. धुराडं जितकं उंच तितकी ओढ जास्त, म्हणून आग चढताना जोर धरते. चार फुटी नळी मी चिमट्याने धरून उलटी केली. अडीच मजल्यांची जळती नळी कोण उलटी करणार? खालचा आणि वरचा भाग एकसारखा भाजणं ही मुळातच अवघड गोष्ट. तरी हे काम झालं. आठ मीटर लांबीच्या फळ्या जाळून तयार झाल्या, आणि अपेक्षेप्रमाणे त्या वाकल्या.

इथं समोर तीन वाटा होत्या, असं मला दिसतं. एक, फळ्या कापून पुन्हा दोन मीटरवर यायचं. दोन, कडा रंधून सरळ करायच्या. पण रंधा लागला की कडेचा कोळसा जाणार आणि प्रत्येक शिवणीवर कोरं लाकूड उघडं पडणार. पावसाला घरात घ्यायची ती सगळ्यात चांगली जागा. तीन, फट लपवायला वरून पट्ट्या मारायच्या.

फुजीमोरींनी यातली एकही वाट धरली नाही. फळ्या आधीच अंतर सोडून लावल्या आणि मधल्या फटी पांढऱ्या गिलाव्याने भरून टाकल्या. वाकडी फळी वाकडीच राहिली. गिलाव्याला सरळ कडा लागत नाही. जिथं जेवढी जागा मिळेल तिथं तो तेवढा भरतो. आगीने जो बाक दिला तो गिलाव्यात उमटला. म्हणून ती रेघ.

हा सुचण्याचा क्षण एकाएकी आलेला नव्हता. दोनच वर्षं आधी, 2005 साली, ओइता प्रांतातल्या नागायू गावी त्यांनी रामुने ओन्सेन हे गरम पाण्याचं स्नानगृह बांधलं होतं. तिथल्या झऱ्याचं पाणी सोड्यासारखं बुडबुड्यांचं, म्हणून रामुने हे एका सोड्याचं नाव. त्या इमारतीच्या भिंतींवरही जळकी फळी आणि पांढरा गिलावा यांचे उभे पट्टे आहेत. नागानोत तीच युक्ती राहत्या घराला लागली, आणि फळी तिच्या टोकाच्या लांबीपर्यंत ताणली गेली.

जपानी गिलाव्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या जुन्या वाड्यांशी त्याचं सख्खं नातं आहे. त्याला ते शिक्कुई म्हणतात. भिजवलेला चुना, त्यात तागासारख्या झाडाचे धागे आणि चिकटपणासाठी समुद्री शेवाळाची खळ. आपल्याकडे चुना मळताना त्यात ताग, गूळ, उडदाचं पाणी घालत. धागा तडे धरतो, खळ चुन्याला लवकर सुकू देत नाही. एक समुद्राकडे वळला, दुसरा उसाकडे. गवंडी दोघेही एकाच प्रश्नावर बसलेले होते. आणि असा मऊ, धागेदार चुना लाकडाशेजारी चालतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. निव्वळ सिमेंट तिथं लवकर सुटलं असतं.

कोळसा नक्की करतो काय

जाहिरातीत वाचायला मिळतं की ही फळी जळत नाही, कुजत नाही, किडत नाही, शंभर वर्षं टिकते. यातलं किती खरं, ते वेगवेगळं करून पाहावं लागतं.

कुजण्याचं आणि किडीचं आधी. लाकूड कुजतं म्हणजे बुरशी त्यातली साखरेच्या कुळातली द्रव्यं खाते. आगीत सगळ्यात आधी तीच जातात. त्यातलं सगळ्यात नाजूक द्रव्य दोन-अडीचशे अंश सेल्सिअसलाच मोडायला लागतं. उरतो तो कार्बन, आणि तो कुणाचंच अन्न नाही. पण हे झालं 3-4 मिलिमीटरचं. त्याखाली साधं लाकूड आहे, मागची बाजू कोरी आहे, टोकं उघडी आहेत आणि कोळशाला तडे आहेत. म्हणून जपानी भिंतीत फळीच्या मागे हवा खेळते, वरून छपराची रुंद पागोळी असते आणि फळी जमिनीपासून वर सुटलेली असते. टिकण्याचं अर्धं श्रेय या बांधणीचं आहे.

आपल्याकडे कुंपणाचा खांब पुरण्याआधी त्याचं बूड शेकोटीत होरपळून घेतात. माझे आजोबाही घ्यायचे. अमेरिकेच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेने असे होरपळलेले खांब जमिनीत पुरून चाचण्या घेतल्या, तेव्हा ते कोऱ्या खांबांपेक्षा जास्त टिकले नाहीत. जमिनीतली ओल आणि वाळवी तड्यातून थेट आत जाते. जळकी फळी भिंतीवरची आहे, मातीतली नाही, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा.

आगीबद्दलही तसंच. चटकन पेट घेणारा भाग आधीच जळून गेलेला असतो आणि कोळसा उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून ही फळी कोऱ्या फळीपेक्षा उशिरा पेटते. पण ती पेटते. जुन्या जपानी घरांत जळक्या फळीमागे जाड मातीची भिंत असायची, आणि आगीला खरा अडसर ती होती. आजही जपानच्या शहरांत अग्निसुरक्षेच्या पट्ट्यांत बाहेरून लाकूड लावायचं तर नियम कडक आहेत. फळी काळी केली म्हणजे अग्निरोधक झाली, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून चाचणीचा दाखला मागा.

आपल्या बाजारातली काळी फळी

हे सगळं इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण, काळ्या फळीची हौस आता आपल्याकडेही आली आहे. फार्महाउस, कॅफे, बंगल्याची दर्शनी भिंत. मालक मोबाइलवर फोटो दाखवतो आणि सुतार गॅसची बंदूक घेऊन बसतो.

गॅसच्या बंदुकीने फळी काळी होते, भाजत नाही. ज्वाला एका जागी काही सेकंद थांबते, वरचा पापुद्रा करपतो, फार तर मिलिमीटरभर. त्यावर ब्रश फिरवला की लाकडाच्या रेषा उठून दिसतात, तेल लावलं की मस्त चमकतं. घराच्या आत, माणसाचा हात लागेल तिथं, ही पद्धत योग्यच आहे. जाड कोळशाची फळी कपडे काळे करते. पण बाहेर, कोकणातल्या तीन हजार मिलिमीटर पावसात, त्या पापुद्र्याच्या भरवशावर भिंत उभी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फळी विकत घेताना मी एकच गोष्ट करतो : कडेवरून पातळ काप काढून कोळशाची जाडी पट्टीने मोजतो. विकणारा तो काप काढू देत नसेल, तर उत्तर मिळालंच.

आणि सागवान कृपा करून जाळू नका. सागात स्वतःचं तेल आहे, तो तसाच टिकतो. जाळण्याची युक्ती हलक्या, मऊ, मुबलक लाकडासाठी जन्मली. जपानमध्ये महायुद्धानंतर सुगीची इतकी लागवड झाली की आज त्याची वनं सुमारे 44 लाख हेक्टरवर आहेत आणि दर वसंतात त्याच्या परागकणांनी निम्मा देश शिंकतो. तिथं सुगी जाळणं परवडतं. योगायोग असा की हेच झाड आपल्या देशातही आहे. दार्जिलिंगच्या धुक्यात उभी असलेली ती काळपट उंच झाडं, ज्यांना तिथं धुपी म्हणतात, ती सुगीच. एकोणिसाव्या शतकात लावलेली. मी तिथं गेलो तेव्हा हे माहीत नव्हतं. त्यांच्याखाली उभा राहून फोटो काढला आणि पुढे गेलो.

माझ्या तीन फळ्या विहिरीकडच्या पडवीच्या भिंतीला लावल्या आहेत. दोन पागोळीच्या आत, एक मुद्दाम बाहेर, उघड्यावर. मधल्या फटींत गावच्या गवंड्याकडून चुना भरून घेतला. ''सरळ पट्टी मारू का वरून, दादा?'' असं त्याने दोनदा विचारलं. एक पावसाळा झाला. आतल्या दोन्ही फळ्यांवर बोट फिरवलं तर अजून काजळी येते, कोळसा तसाच आहे. बाहेरच्या फळीवरून खालच्या वीतभर भागातली खपली गेली, तिथं राखाडी लाकूड दिसतं. उडालेल्या पाण्याचे शिंतोडे तिथपर्यंतच पोचत होते. चुन्याची रेघ मात्र तिन्ही ठिकाणी शाबूत आहे, मधे जाड, टोकांना बारीक. फळीने जसा बाक घेतला तशी.